वर्गात डिजिटल हक्क आणि जबाबदाऱ्यांवर वादविवाद : शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटवरील हक्क आणि जबाबदाऱ्या या विषयावर आठवी ते बारावीच्या वर्गांत वादविवाद घेऊ इच्छिणारे शिक्षक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देणारा स्वतः माध्यमिक शाळेत शिकवतो आणि नववीच्या वर्गात असे वादविवाद घेत आला आहे. त्यामुळे काही ठिकाणी नियमाबरोबर त्याचे मतही वाचायला मिळेल.

या विषयावर व्याख्यान ठेवण्याऐवजी वादविवादच का घ्यावा?

'मोबाइलचे दुष्परिणाम' हे व्याख्यान मुलांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की पहिल्या दोन वाक्यांतच वर्गाचे लक्ष उडते. त्या व्याख्यानात विद्यार्थी एक तर संकटात सापडलेला असतो किंवा चुकलेला असतो. तो राज्यघटनेने हक्क दिलेला नागरिक आहे, ही गोष्ट त्यात कुठेच येत नाही. वादविवादात मात्र त्याला एक बाजू घ्यावी लागते, त्या बाजूसाठी आधार शोधावा लागतो आणि समोरच्याचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय त्याला खंडन करता येत नाही. इंटरनेटवर वावरताना नेमकी हीच सवय कमी पडते, आणि ती व्याख्यान ऐकून लागत नाही.

डिजिटल हक्क म्हणजे नेमके कोणते हक्क?

हे वेगळ्या जातीचे हक्क नाहीत. राज्यघटनेने दिलेलेच हक्क नव्या जागी कसे लागू होतात, एवढाच प्रश्न असतो, आणि वर्गात सुरुवात येथूनच करावी. कलम १९(१)(अ) मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हा पहिला आधार. इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीलाही हे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीबाबतच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले आणि इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, असेही सांगितले. दुसरा आधार खासगीपणाचा. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे.

तिसरा आधार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, आणि मुलांच्या हालचालींचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सतरा वर्षांच्या मुलीलाही प्रत्येक ठिकाणी पालकांची संमती लागणे हे तिचे संरक्षण की तिच्यावरचे बंधन, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या वर्गात दोन तासिका सहज पुरतो.

आणि जबाबदाऱ्या कोणत्या? त्या कायद्याने येतात की संस्कारांनी?

दोन्हींनी येतात, पण त्या दोहोंतील फरक मुलांना कळलाच पाहिजे. दुसऱ्याच्या नावाने खाते उघडून फसवणूक करणे, कोणाच्या खासगी अवयवांची चित्रे त्याच्या संमतीविना टिपणे किंवा पसरवणे, मुलांचे लैंगिक चित्रण जवळ बाळगणे किंवा पुढे पाठवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे गुन्हे आहेत. वर उल्लेख केलेल्या २०२३ च्या कायद्यातही नागरिकाची काही कर्तव्ये सांगितली आहेत. माहिती देताना दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करू नये, असे त्यात म्हटले असून भंग झाल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट, मैत्रिणीने खासगीत लिहिलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकणे हा प्रत्येक वेळी गुन्हा ठरेलच असे नाही, परंतु तो विश्वासघात असतो. बेकायदेशीर आणि अनुचित या दोन शब्दांसाठी फळ्यावर दोन रकाने करावेत आणि मुलांनी सांगितलेले प्रत्येक उदाहरण कोणत्या रकान्यात बसते हे त्यांनाच ठरवू द्यावे. काही उदाहरणे दोन्ही रकान्यांत जातात, काही मधल्या रेषेवर अडतात, आणि खरी चर्चा त्या अडलेल्या उदाहरणांवरच होते.

जबाबदारीची गोष्ट महाराष्ट्रात सांगताना राईनपाड्याला वगळून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. मुले पळवणारे आले आहेत, अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणीही हातात काठी घेतली नव्हती, म्हणून त्यांची जबाबदारी शून्य मानायची का, हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी वर्ग काही वेळ शांत होतो. त्या शांततेत शिक्षकाने उत्तर देऊ नये.

वादविवादासाठी विषय कसा निवडावा?

'हक्क महत्त्वाचे की कर्तव्ये' हा विषय कृपया देऊ नये. स्पर्धांमध्ये तो वर्षानुवर्षे दिला जातो, पण त्यात एक चुकीचे गृहीतक दडलेले आहे. हक्क एका पारड्यात आणि कर्तव्ये दुसऱ्या पारड्यात, एक वर गेले की दुसरे खाली, असे चित्र त्यातून उभे राहते. कर्तव्य पार पाडले तरच हक्क मिळेल असे आपली राज्यघटना म्हणत नाही. मूलभूत हक्क १९५० पासून आहेत. मूलभूत कर्तव्ये १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली, आणि भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादा कलम १९(२) मध्ये स्वतंत्रपणे लिहिल्या आहेत. जो विद्यार्थी बेजबाबदारपणे वागला त्याचाही खासगीपणाचा हक्क शिल्लक राहतो, आणि जो अत्यंत जबाबदारीने वागतो त्याचाही हक्क हिरावला जाऊ शकतो, हे मुलांना समजणे आवश्यक आहे.

म्हणून विषय असा असावा की त्यात कोणीतरी ठोस निर्णय घेणार आहे. उदाहरणार्थ, शाळेने सहलीची छायाचित्रे सार्वजनिक पानावर टाकण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याची संमती घ्यावी. निनावी खात्यांना मनाई असावी. पालकांना मुलांचा फोन तपासण्याचा अधिकार असावा. सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडता येऊ नये. असा कायदा ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू आहे, त्यामुळे हा विषय काल्पनिक राहिलेला नाही. परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी इंटरनेट बंद करावे. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी हे खरोखर घडले आणि ज्यांचा परीक्षेशी काही संबंध नव्हता त्यांचेही व्यवहार अडले. अशा विषयांत दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे असते.

न्यायालयांची कोणती प्रकरणे शाळेच्या वर्गात समजावून सांगता येतात?

दोन प्रकरणे विशेष उपयोगी पडतात. पहिले महाराष्ट्रातलेच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले. दोघींनाही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते, ज्यात त्रासदायक किंवा गैरसोयीचा संदेश पाठवणे हाही गुन्हा ठरत होता. या आणि अशा इतर अटकांनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. 'त्रासदायक' या शब्दाला सीमाच नाही, एकाला जे त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला वाटणार नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. या निकालातील एक भेद मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो: चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन गोष्टी कितीही न रुचणाऱ्या असल्या तरी संरक्षित आहेत. मर्यादा येते ती तिसरीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर मुलांना काही काल्पनिक वाक्ये द्यावीत आणि प्रत्येक वाक्य या तीनपैकी कशात मोडते ते त्यांनी सांगावे. दहा मिनिटांत वर्ग दुभंगतो, आणि तो दुभंगलेलाच हवा असतो.

दुसरे प्रकरण केरळचे आहे आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ते चटकन भिडते. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून तिला परत प्रवेश देण्याचा आदेश दिला. शिस्त लावण्याचा संस्थेचा अधिकार कोठे संपतो, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो. मात्र हे प्रकरण प्रौढ विद्यार्थिनीचे होते, शाळकरी मुलाचे नव्हते, ही बाब शिक्षकाने लपवू नये. उलट दोन्ही गटांनी तिचा उपयोग करावा.

इंटरनेटच्या आधीच्या काळातले एखादे उदाहरण या विषयात चालेल का?

अवश्य चालेल. माझ्या मते मराठी वर्गासाठी सर्वांत चांगले उदाहरण १८८२ चे आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण छत्रपतींचा छळ करवीत आहेत, असे आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांत छापला गेला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी न्यायालयात दिलगिरी व्यक्त केली, तरीही अब्रुनुकसानीबद्दल दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांना मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले.

मुलांना टिळक-आगरकर ठाऊक असतात, ते भाषणस्वातंत्र्यासाठी लढले हेही ठाऊक असते. त्याच दोघांच्या हातून पंचविशीत खातरजमा न केलेला मजकूर छापला गेला, हे कळले की 'सत्तेविरुद्ध बोलण्याचा हक्क' आणि 'बोलण्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी' या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी कशा येतात, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चांगल्या हेतूने पुढे पाठवलेला खोटा मजकूर खोटाच राहतो. आणि चूक झाल्यावर ती मान्य करणे हेही आज फारसे पाहायला न मिळणारे वर्तन आहे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले होते की चूक कबूल केल्यावरही तुरुंगात पाठवणे योग्य होते का. पुढचा सगळा तास त्याच प्रश्नात गेला, आणि मी तो जाऊ दिला.

तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांचीच असते. एवढ्यात वादविवाद कसा बसवावा?

एका तासिकेत बसवू नये. पहिल्या तासिकेत प्रकरण वाचावे, शब्दांचे अर्थ लावावेत, गट पाडावेत. घरी तयारी करण्यासाठी दोन-तीन दिवस द्यावेत. दुसऱ्या तासिकेत वादविवाद घ्यावा. प्रत्येक बाजूला तीन वक्ते पुरतात, उरलेल्या वर्गाने प्रश्न विचारायचे. वेळ मोजण्याचे काम वर्गातील सर्वांत अबोल मुलाला द्यावे. दोन-तीन वादविवादांनंतर त्याला स्वतःहून बोलावेसे वाटते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

एक नियम मात्र सोडू नये. आपल्या परंपरेत शास्त्रार्थ करताना आधी पूर्वपक्ष मांडला जात असे, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी सांगायचे आणि मगच उत्तरपक्ष. वर्गात हे असे करावे: खंडनाला उभ्या राहिलेल्या वक्त्याने प्रथम समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायचा, समोरच्याने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे म्हटले तरच पुढे जायचे. सुरुवातीला मुलांना हे फार जड जाते, कारण प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा मुद्दाम दुबळा करून सांगण्याची सवय झालेली असते.

विद्यार्थी स्वतःच्या मताविरुद्ध बोलायला तयार नसेल तर?

चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवावी आणि ती अगोदरच्या मताच्या विरुद्ध आली तर बदलून देऊ नये. 'पालकांना मुलांचा फोन तपासण्याचा अधिकार असावा' या विषयावर नववीतील एका मुलाच्या वाट्याला पालकांची बाजू आली. त्याला ती मुळीच नको होती. घरी रोज फोनवरूनच खटके उडत होते. तयारी म्हणून मी त्याला एकच काम दिले, आईला प्रश्न विचारून येण्याचे. दोन दिवसांनी तो उभा राहिला, हातात वहीचे फाडलेले अर्धे पान होते, आणि पहिलेच वाक्य त्याने वाचले ते असे: 'माझ्या आईला फोनमधले इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती फोन बघत नाही, फोन बघताना माझा चेहरा बघते.' त्यानंतर त्याने तपासणीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले आणि शेवटच्या मुद्द्यात सुचवले की तपासणी मुलासमोर बसूनच व्हावी, त्याच्या पाठीमागे नव्हे. तो आपल्या पहिल्या मतावर नंतरही ठाम होता. पण आता त्याला आईची भीती ठाऊक होती.

एका प्रसंगी मात्र बाजू बदलून द्यावी. एखाद्या विद्यार्थ्याने ज्या गोष्टीचा त्रास स्वतः सोसला आहे, तिचे समर्थन त्याच्याकडून करवून घेऊ नये. तो कारण सांगणार नाही. त्याला नको आहे एवढे पुरेसे मानावे.

चर्चेत एखाद्या मुलाने किंवा मुलीने स्वतःचा छळ उघड केला तर काय करावे?

वादविवाद तेथेच हळुवारपणे दुसरीकडे वळवावा आणि सर्वांसमोर एकही प्रश्न विचारू नये. तासानंतर एकांतात, पण दार उघडे ठेवून, ऐकून घ्यावे. कोणालाही सांगणार नाही असे वचन देऊ नये, कारण लैंगिक स्वरूपाचा गुन्हा असेल तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. 'ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन' एवढेच म्हणावे. मजकूर पुसून टाकण्याची घाई मुले करतात. धमकीचे किंवा छळाचे संदेश पुरावा असतात, ते तसेच राहू द्यावेत. मात्र आक्षेपार्ह छायाचित्र शिक्षकाने स्वतःच्या फोनवर कधीही मागवू नये. मुख्याध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेली सखी सावित्री समिती यांना सांगावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन क्रमांक वादविवाद सुरू होण्यापूर्वीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, म्हणजे ज्याला गरज आहे तो कोणाच्या नजरेस न येता उतरवून घेईल.

आमच्या शाळेत अनेकांकडे स्वतःचा फोन नाही. त्यांना हा विषय परका वाटणार नाही का?

घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो, आणि संध्याकाळी परत आल्यावर तो आधी भावाच्या हाती जातो. हाच हक्काचा प्रश्न आहे. फोन नसलेल्या मुलीचे छायाचित्र दुसऱ्याच्या फोनमधून फिरू शकते, तिच्या नावाने कोणीही खाते उघडू शकते. वादविवादासाठी इंटरनेट जोडणीची गरज नाही. प्रकरणाचा अर्धा पानाचा मजकूर झेरॉक्स करून दिला की काम भागते.

पालकांचा किंवा राजकीय मतांचा आक्षेप आल्यास?

विषय आणि वाचायचा मजकूर पालकसभेत आधीच दाखवावा. बहुतेक आक्षेप न कळल्यामुळे येतात. चालू निवडणूक, स्थानिक नेते, गावातील ताजे भांडण हे विषय टाळावेत. निकाल लागून गेलेली प्रकरणे घ्यावीत. शिक्षकाने स्वतःचे मत तास संपेपर्यंत सांगू नये, आणि नंतर कोणी विचारलेच तर ते मत म्हणून सांगावे.

गुण कसे द्यावेत?

वक्तृत्वाला कमी आणि आधाराला अधिक. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल वेगळे गुण ठेवावेत. भाषण एआयकडून लिहून आणलेले आहे अशी शंका आली, तर आरोप न करता त्यातील एका वाक्यावर दोन प्रश्न विचारावेत. ज्याने वाचून समजून घेतले आहे तो उत्तर देतो.

वादविवादाचे चित्रीकरण करून शाळेच्या ग्रुपवर टाकावे का?

हा प्रश्न मुलांपुढेच ठेवावा. मी पहिल्या वर्षी तो ठेवला नव्हता. छान झालेल्या वादविवादाची तीन मिनिटांची फीत मी उत्साहाने पालकांच्या ग्रुपवर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारले, 'सर, तुम्ही आम्हाला विचारलं होतं का?' ती संमतीच्या बाजूनेच बोलली होती. मी फीत काढून टाकली आणि वर्गाची माफी मागितली; परंतु ती तोपर्यंत किती फोनांमध्ये उतरली होती, हे मला शोधता आले नाही. आता संमतीचा कागद आधी फिरतो, त्यावर विद्यार्थी आणि पालक दोघांचीही सही घेतली जाते, आणि एकाचाही नकार असेल तर त्या दिवशी फोन टेबलाच्या खणात राहतो.